आधी खिडकी उघड

नेवेनाच्या पायाला भिंगरी होती. बेलग्रेडहून भौतिकशास्त्रातल्या दोन पदव्या घेऊन आलेली ही मुलगी आमच्या गावच्या सांस्कृतिक भवनात दर शनिवारी शाळकरी पोरांना विज्ञान आणि प्रोग्रामिंग शिकवायची. वर्ग मोजक्या शनिवारांचा. भवनाच्या किल्ल्या माझ्याकडे, त्यामुळे मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो. निम्मं डोक्यावरून जायचं. पण शिकवताना ती कधी खुर्चीला टेकलेली मला आठवत नाही. फळ्यापासून पोरांपर्यंत, पोरांपासून खिडकीपर्यंत. खिडकी ती सताड उघडायची आणि मी उठून ती लावायचो. आरपार वारा लागला की मान धरते, दाढ ठणकते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काका, हवा शिळी झालीये इथली," ती म्हणायची.

"शिळी तर शिळी, गरम आहे ना?"

पोरं खिदळायची. माझं डोकं फिरायचं.

शेवटच्या वर्गात पोरांनी एकेक डबी बनवली. हवेत कार्बन मोनॉक्साइड किती आहे त्याचा आकडा दाखवणारी. या विषाला रंग नाही, वास नाही, माणूस नुसता पेंगतो आणि उठतच नाही, असं तिने सांगितलं. आणि तिचा एक नियम होता, पोरांकडून तो तिने घोकूनच घेतला होता. आकडा विचित्र आला की आधी स्वतःच्या कोडवर संशय घ्या. डबीला दोष देऊ नका, जगाला तर मुळीच नाही.

वर्ग संपला आणि तिला ऑस्ट्रियातल्या ग्राझहून एका प्रयोगशाळेने मुलाखतीला बोलावलं. बस नेमकी संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे अर्ध्या गावाच्या घरी स्लावा असते त्या दिवशी. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण. दिवसभर मेणबत्ती तेवते, आणि आमंत्रण कुणालाच नसतं, ज्याला यायचं तो येतो. मी तिला माझ्या गाडीतून स्टँडवर सोडायला निघालो. पोरगी चांगली होती. आता जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडचिड करतो.

"किती वेळा ते तिकीट बघशील? पळून जात नाही ते."

"बस जाईल ना, काका!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेंका होती, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, चौदा वर्षांची. नेवेनाने फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, पाहुण्यांना डबी दाखवायला काढली तर आकडा चढतच चाललाय. कोड पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडत नाहीये."

"बंद करून परत चालू कर. स्वच्छ हवेत शून्य जुळवायची कोडमधली ओळ बघ." नेवेनाचं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं.

स्टँड दिसायला लागलं आणि फोन पुन्हा वाजला.

"बाई, आणखी चढला. आणि गंमत म्हणजे अंगणात नेली की शून्य होतो. आत आणली की परत चढतो. माझंच काहीतरी चुकतंय, डोकं दुखतंय म्हणून दिसत नसेल."

नेवेना हलायची थांबली. मी तिला अशी कधी बघितली नव्हती.

"लेंका, कोड बरोबर आहे. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड. आत्ता. सगळ्यांना बाहेर काढ."

"आजी उघडू देत नाही. मेणबत्ती विझेल म्हणते. आणि वारा लागेल."

"बाबांना दे!"

फोनवर गाणं, हसणं, ताटांचा आवाज. मग लेंकाचा बाप ब्लागोये, घसा फाडून. "बाई! फोनवर कसल्या शुभेच्छा देताय, या की! स्लावाला कुणी बोलवायला लागतं का?" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

"काका, गाडी वळवा."

"तुझी बस..."

"वळवा म्हणते ना!"

मी वळवली. डाव्या हाताने ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती शेजारच्या शहरातून येणार होती. खरं सांगतो, तेव्हाही मनात आलं, एवढ्याशा डबीवर कशाला एवढा विश्वास. ब्लागोयेच्या घरी मी सकाळीच जाऊन आलो होतो. नव्या प्लास्टिकच्या खिडक्या, रबराच्या पट्ट्या, दाराखाली आजीने दाबून बसवलेलं घोंगडं, आणि मध्ये लाकडं जाळायची लोखंडी शेगडी लालभडक. किती ऊबदार घर, असं मी स्वतःच म्हणालो होतो. दुपारभर माझंही डोकं दुखत होतं. राकीया, म्हणजे आमची फळांची दारू, चढली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

दारात स्तोयांका आजी उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन उभीच, स्लावाला आलेल्याने आधी तो चाखायचा असतो.

"ये पोरी! आधी गहू घे."

"आजी, आधी खिडकी..."

"आधी गहू!"

नेवेनाने छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात कोंबला आणि तो न चावताच आत धावली. टेबलाभोवतीची माणसं गात होती, पण सूर पेंगत होते. कुणी कपाळ दाबत होतं, कुणी जांभया देत होतं. स्लावाला यजमानाने बसायचं नसतं, म्हणून ब्लागोये उभा होता, भिंतीला टेकून.

"पहिल्यांदा मेणबत्तीकडे तरी बघ!" आजी मागून ओरडली. "विझली तर घरावर काय येईल ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. म्हणूनच," नेवेना म्हणाली आणि तिने खिडकी सताड उघडली. बर्फाळ वारा आत घुसला. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली आणि विझली. गाणं थांबलं. आजीने किंकाळी फोडली, ब्लागोये लालबुंद होऊन नेवेनाच्या अंगावर धावला.

"माझ्या घरात? संताच्या दिवशी?"

"इथे कोण कोण नाहीये?" ती त्याच्यावरच ओरडली. "घरात अजून कोण आहे?"

"माझा भाऊ स्रेतेन आहे मागच्या खोलीत, शेगडीच्या पलीकडे. झोपलाय. त्याला जरा जास्त झाली."

लेंका दारात डबी धरून उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "स्रेतेनकाका पीत नाही. डॉक्टरांनी बंद केलीये."

ब्लागोये असा धावला की दोन खुर्च्या पडल्या.

स्रेतेनला आम्ही चादरीसकट ओढत अंगणात आणलं. चेहरा गुलाबी, जिवंत माणसापेक्षाही चांगला. नेवेनाने त्याची मान मागे केली, गालावर थापट्या मारल्या. मी देवाचं नाव घेत होतो आणि लाज वाटत होती कशाची ते कळत नव्हतं. एवढ्यात स्रेतेनने उलटी केली आणि डोळे न उघडताच शिवी घातली. अख्ख्या आयुष्यात मी एवढी गोड शिवी ऐकलेली नाही.

ॲम्ब्युलन्स त्याला ऑक्सिजन लावून घेऊन गेली, आणि बाकीच्यांनाही तपासायला बोलावून गेली. तोवर सगळे पाहुणे बर्फात, कोट अंगावर घेऊन उभे. आजी तीन शाली गुंडाळून अंगणाच्या मधोमध बसली होती. "आता वाऱ्याने मरेन मी," ती बडबडत होती, "पण मरेन तर जागेपणी."

लेंका नेवेनाजवळ आली. दात वाजत होते. "बाई, मी कोडवरच संशय घेत बसले. तुम्हीच सांगितलं होतं."

नेवेनाने तिला कवेत घेतलं.

"पुढच्या वेळी मला फोन करायचा नाही. आधी खिडकी उघडायची. मग संशय घेत बस कोडवर, हवा तेवढा."

"आणि मग फोन करायचा?"

नेवेनाने माझ्या गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर तिची बॅग होती.

"मग कर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ती गेली. मुलाखत एक दिवस पुढे ढकलून घेतली होती, आणि नोकरीही मिळाली. पुढच्या शनिवारी वर्ग नव्हता. तरी सवयीने मी भवन उघडलं, तर पायरीवर लेंका डबी घेऊन बसलेली, मागे बाकीची पोरं.

"काका, आम्हीच घेतो वर्ग. चालेल?"

मी शेगडी पेटवली. मग मफलर मानेला दोन वेढे घालून घट्ट गुंडाळला आणि जाऊन खिडकी उघडली.