दोन दिवसांपुरती ओळ

प्रोजेक्ट काही एकट्या मोन्सेफचा नव्हता, पण त्याच्याशिवाय आता कुणी उरलंच नव्हतं. छोट्या छपाईयंत्रांवर अरबी अक्षरं नीट जोडून छापणारा हा कोड तो अकरा वर्षं स्फाक्स शहरातल्या आपल्या घरात बसून फुकट सांभाळत होता. कोडमध्ये कुणी काही बदललं की एका कंपनीच्या सर्व्हरवर टेस्ट आपोआप चालायच्या. पास झाल्या तर दिवा हिरवा, नाहीतर लाल. आता त्या कंपनीने कळवलं होतं, की या शुक्रवारपासून फुकटची सोय बंद. मोन्सेफने दुसरी कंपनी शोधली आणि सेटिंगची फाइल पहिल्यापासून हाताने लिहून काढली. जुनी फाइल इतकी गिचमिड झाली होती, की ती वाचण्यापेक्षा हे बरं.

नव्या ठिकाणी एकेचाळीस टेस्ट लाल झाल्या.

तीन दिवस तो नव्या कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता. त्याच्या बायकोने, सुहाने, कॉफीचा कप ठेवता ठेवता टोमणा मारला, "मला हो म्हणतानासुद्धा तू इतका घोळ घातला नव्हतास." त्याला हसू आलं नाही. माणूस फार थकला की हसणंही एक कामच होऊन बसतं.

गुरुवारी दुपारी नाइलाजाने त्याने जुनी फाइल उघडली आणि नवीशी ताडून पाहिली. छोट्या यंत्रांच्या टेस्टपाशी एक लहानशी सूचना होती: टेस्ट नापास झाली तरी पास म्हण. कुणा दिवट्याने हे घातलं ते पाहायला त्याने फाइलचा इतिहास काढला. नाव त्याचंच होतं. सहा वर्षांपूर्वीचा रमजान, इफ्तारला दहा मिनिटं बाकी, आणि शेजारी टीप: 'दोन दिवसांपुरतं.' रोजा सोडायच्या आधी नवी आवृत्ती बाहेर काढायची घाई त्यालाच झाली होती.

म्हणजे सहा वर्षं तो दिवा खोटं बोलत होता. मोन्सेफला एकदम ओरान शहरातली वहीबा आठवली.

वहीबा प्रोजेक्टमधली सगळ्यात चिवट बाई. भावाच्या औषधदुकानातल्या लेबलयंत्रावर ओळीच्या शेवटची अक्षरं गळतात, असं तिने चार वर्षांपूर्वी तीनदा कळवलं होतं, टेस्टही लिहून दिल्या होत्या. मोन्सेफने प्रोजेक्टच्या ऑनलाइन चर्चेत सगळ्यांदेखत उत्तर दिलं होतं, 'टेस्ट हिरव्या आहेत. आधी आपलं यंत्र तपासून घ्या, बाई.' त्याखाली नऊ जणांनी हसरे चेहरे टाकले. पुढे ती तिकडे फिरकली नाही.

ती सूचना नव्या फाइलमध्ये टाकली, की पाच मिनिटांत सगळं हिरवं होणार होतं आणि कुणाला पत्ताही लागणार नव्हता. त्याने ती टाइप केली. मग पुसली आणि वहीबाला फोन लावला. लाज इतकी वाटत होती, की खुशाली विचारायचंही राहून गेलं. त्याने सरळ सगळं सांगून टाकलं.



"तुझं ऐकून मी भावाला नवं यंत्र घ्यायला लावलं," ती म्हणाली. "त्यावरही तेच झालं. मग वाटलं, आपल्यालाच येत नाही. तेव्हापासून कोडला हात लावला नाही मी."

तो म्हणाला, परत ये. म्हणतानाच त्याला त्यातला निर्लज्जपणा कळला.

"नाही रे. दमले मी. आता शाळेत गणित शिकवते, बरं चाललंय. तू एक कर. जिथे ते लिहिलं होतंस ना, तिथेच लिही. फोनवर काय, कुणीही माफी मागतं."

त्याने ती जुनी चर्चा उघडली आणि स्वतःच्या वाक्याखाली लिहिलं, 'वहीबाचं यंत्र ठीक होतं. टेस्टचा निकाल मी दाबला होता.'

शुक्रवारी जुन्या कंपनीची सोय बंद झाली आणि दिवा सगळ्यांना लाल दिसू लागला. ठिकठिकाणाहून विचारणा सुरू झाली. मोन्सेफ प्रत्येकाला त्याच चर्चेचा पत्ता पाठवत राहिला. संध्याकाळपर्यंत तिथे साठएक जणांनी काही ना काही लिहिलं. वहीबाने काहीच लिहिलं नाही.