आकाशात टांगलेली चादर

घाबरू नका, मी चादरच बोलतेय. अस्सल सोलापुरी, भवानी पेठेतल्या मागावर विणलेली, अंगभर मोर आणि वेलबुट्टी. माझ्यासारखीनं पलंगावर पसरावं, फार तर थंडीत कुणाच्या अंगावर जावं. मी मात्र खांबावर चढले, आणि तेही विमानासाठी. आठवलं तरी अजून माझं सूत न् सूत थरथरतं.

माझे मालक शिवपुत्रकाका, चादरी-टॉवेलांचे व्यापारी. १९७४ साली त्यांच्याकडे जर्मनीचा एक खरेदीदार यायचा ठरला. आगगाडीनं नव्हे, स्वतःच्या विमानानं! मुंबईला उतरून कस्टमचं आटपायचं आणि तिथून थेट सोलापूर. पेठेत हे कळलं तेव्हापासून काका हळू आवाजात बोलेचनात.

पण विमानाच्या पाहुण्याला नुसता पत्ता देऊन भागत नाही. मुंबईतल्या त्याच्या एजंटाच्या तारा येऊ लागल्या. धावपट्टी केवढी? इंधन कुठून? परवानगी कोण आणणार? विमानाची राखण कोण करणार? उत्तरं द्यायचं काम काकांची पुतणी दाक्षायणी हिच्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली ती एकटीच. पोरगी एवढी भित्री, की तारवाल्याच्या सायकलची घंटा वाजली तरी हातातली पेन्सिल पडायची.

"हे निभावलंस तर ऑफिसात बस," काका म्हणाले. "न्हाय जमलं तर अक्कलकोटचं स्थळ हाय. गप हो म्हणायचं."

मग ती कशाला मागं राहतेय? इंधनाची पिंपं ट्रकनं मागवली. कलेक्टर कचेरीत जाऊन बसली, हाकलेपर्यंत बसली. धावपट्टीवरच्या म्हशी हाकायला आणि विमान राखायला तिप्पण्णाला नेमलं. एजंटानं पाहुण्यासाठी उकडलेली अंडी सांगितली, तेव्हा "आमच्या घरात अंडं?" म्हणून काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर तडजोड केली. पाहुण्याला न विचारता, अर्थात.

वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी खोळ, विंडसॉक, आहे का, असंही एजंटानं विचारलं होतं. दाक्षायणी होटगी रोडच्या धावपट्टीवर जाऊन बघून आली. खोळ मळकी होती, विरलेली होती, पण वारा आला की मस्त फुगायची. तिनं 'आहे' म्हणून तार केली. शिवाय ट्रंक कॉलवर विचारूनही घेतलं, की हे कापड एवढं महत्त्वाचं का. एजंट म्हणाला, विमानानं वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं असतं. वारा पाठीवर घेतला तर ते लवकर थांबत नाही.

काकांनी ती खोळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ह्या चिंध्या पावण्याला दाखवायच्या? वरनं त्याची पहिली नजर आपल्या मालावर पडाय पायजे की!"

"काका, ते कापड हलकं लागतं..."

"आपला माल हलका न्हाय, दाक्षी!"

तिच्या हातातली पेन्सिल पडली. शिंप्यानं मला गुंडाळून शिवलं, तोंडाला लोखंडी कडं बसवलं, आणि मी खांबावर गेले. खाली टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मलाही फार बरं वाटलं.

पाहुणा यायच्या दिवशी मंडप, बँड, हार, चहाचं पातेलं, सगळं तयार. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. मंडपाचं कापड फडफडलं, बँडवाल्याची टोपी उडाली, दाक्षायणीचा पदर तोंडावर आला. तो सोडवताना तिनं वर बघितलं.

मी सरळ खाली लोंबत होते. फुगायचा किती प्रयत्न केला! एक मोर हलेल तर शपथ.

"अगंबाई, ही हलत का नाही?"

तोवर विमान आलंच. वैमानिकानं एक घिरटी घातली, मला बघितलं, वारा नाही असं समजला आणि पश्चिमेकडून उतरायला वळला. वारा पाठीवर! आणि धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला खोल ओढा.

"तिप्पण्णा, खाली घे तिला! लवकर!"

"का वो अक्का? बरी दिसतीया की."

"घे म्हणते ना!"

तिप्पण्णानं दोर सोडला. मी धपकन जमिनीवर. दाक्षायणीनं स्टोव्हजवळचा रॉकेलचा डबा माझ्यावर ओतला आणि काडी लावली. दोन काड्या मोडल्या, तिसरी लागली. धूर दाट व्हावा म्हणून वर चहाचं पातेलंही उपडं केलं. मला कुणी काही विचारलं नाही, हे नमूद करते.

"आगं, अस्सल माल पेटवलास की गं!" काका छाती बडवत धावले. "पावण्याच्या डोळ्यादेखत!"

पण धूर निघाला, असा दाट आणि काळा, आणि पूर्वेकडे आडवा पळत सुटला. विमान खाली येता येता गुरगुरलं, परत वर चढलं, वळसा घेऊन पूर्वेकडून आलं आणि वाऱ्याला तोंड देऊन निवांत थांबलं.

धूर कुणी केला, असं वैमानिकानं उतरल्या उतरल्या विचारलं. दाक्षायणी मंडपाच्या खांबाआड. काकांनीच तिला हाताला धरून पुढं आणलं. "आमच्याच ऑफिसातली!" म्हणाले. कालपर्यंत हे ऑफिस तिचं नव्हतं.

पाहुण्यानं भाकरी आवडीनं खाल्ली आणि टॉवेलांची मोठी ऑर्डर दिली. चादरी घेतल्या नाहीत. जड आहेत, म्हणाला.

पुढं त्या एजंटानं आपलं सोलापूरचं काम दाक्षायणीकडेच दिलं. साखर कारखान्यांच्या यंत्रांचे परदेशी इंजिनिअर येतात, गिरण्यांचे साहेब येतात. परवानगी, इंधन, मोटार, मुक्काम, जेवण, सगळं ती बघते. त्याला आता पाहुणचार म्हणत नाहीत, सेवा म्हणतात, आणि हाराचंसुद्धा बिल लावतात. खांबावर मुंबईहून आलेली नायलॉनची भगवी खोळ आहे. झुळूक आली तरी नाचते. नाचू दे बापडीला.

अक्कलकोटच्या स्थळाचं लग्न होऊन गेलं, दुसरीकडे.

मी अर्धी उरले. तो अर्धा भाग धुऊन, घडी घालून दाक्षायणीनं ऑफिसातल्या आपल्या खुर्चीवर टाकलाय. फोन वाजला की ती अजून दचकते, जागच्या जागी उडते आणि माझ्यावरच आदळते. एवढंच मागणं आहे, बाई: दचक हवी तेवढी, पण उठू नकोस.