मांजराची शेवटची ओळ

चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत डोळे तपासता तपासता ती अक्षरांना पार विटली होती. क, ट, म, ल. दिवसभर तेच. शेवटी तिने स्वतःच एक तक्ता छापून आणला. वरून खाली अक्षरं बारीक होत जाणारी एक गोष्टच होती ती: मांजराने चष्मा घेतला. मांजराने बाजारभाव वाचले. आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: उंदीर महागले म्हणून मांजर रडलं.

गिऱ्हाइकं हसत बाहेर यायची. "कामात जरा गंमत हवीच," असं मालक भेटेल त्याला ऐकवायचे, जणू कल्पना त्यांचीच.

सुट्या अक्षरांना मुद्दामच अर्थ नसतो, म्हणजे अंदाजाने वाचता येत नाही. हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. पण तळाची ओळ वाचून कोणी खुदकन हसलं की ते शिक्षण कुठल्या कुठे जायचं.

सगळ्यांत मोठ्याने हसायचे तिचे वडील. ते घड्याळं दुरुस्त करत. अधूनमधून तपासणीला येत, एकेक डोळा झाकून तळापर्यंत वाचत. "नजर शाबूत," ती म्हणायची. मध्यंतरी त्यांनी मनगटी घड्याळं घेणं सोडलं. बारीकसारीक कामाचा कंटाळा आला, म्हणाले. तिला ते पटलं.

मग जुन्या गिऱ्हाइकांना नवी गंमत म्हणून तिने फक्त शेवटची ओळ बदलली: मांजर आता भाजीपाला खातं.

बाबा आले. उजवा डोळा झाकून घडाघडा खाली उतरले. "उंदीर महागले म्हणून मांजर रडलं!" आणि नेहमीसारखे हसले.

"परत वाचा, बाबा."

"किती रडवशील गं त्या बिचाऱ्याला?"

"तिथं ते लिहिलेलंच नाही."

ते पुढे झुकले. मान तिरकी केली, दुसऱ्या बाजूने तिरकी केली. "मधोमध डाग आहे," शेवटी म्हणाले. "बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच तर म्हणायचीस, नजर शाबूत. म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, डाग आपल्याच मनात असेल."

डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. वेळेत आले असते तर वाचवता आला असता, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि उजव्याकडे वळले.

तिने तक्ता उतरवला. "अगं, लोक त्याच्यासाठी येतात!" मालक कळवळले. तिने जुना तक्ता पुसून पुन्हा टांगला.

पुढच्या वेळी बाबा खुर्चीत बसले. उजवा डोळा झाकला.

"क," ते म्हणाले. मग मान तिरकी केली. "यात काही गंमत नाही गं."

"नाही."

"पुढचं काय आहे? थोडी खूण तरी दे."

"खूण द्यायची नसते, बाबा."