शुक्रवारचं इंजेक्शन

“गाणी चांगली आहेत हो. अधूनमधून सिनेमा येतो, तेवढा सोसायचा,” ती म्हणाली. सहा नंबरच्या खाटेवरचे शिंपीकाका हसायला लागले आणि तेवढ्यात तिनं सुई टोचून काढलीसुद्धा.

“टोचलंत?” काका म्हणाले.

“केव्हाच.”

ही माझी मैत्रीण. हाडांच्या वॉर्डात आम्ही दोघी नर्स होतो. रात्रपाळी संपली की शुक्रवारी ती घरी जायची नाही. नव्या सिनेमाचा पहिला खेळ गाठायची आणि पुन्हा पाळीवर आली की एकेका खाटेशी थांबून सिनेमा कसा होता ते सांगायची. एकाच वाक्यात. म्हणून सगळे तिला शुक्रवार म्हणत. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

“दंड आवळून धरला की सुई दुखते,” ती मला शिकवायची. “हसणाऱ्याचा दंड सैल पडतो. तेव्हाच टोचायचं. वाक्य लांबलं की हसू उशिरा येतं, आणि सुईला काही थांबता येत नाही.”

“भूत समजूतदार आहे, बाकीचेच उगाच ओरडतात.” “खलनायक हुशार आहे, लवकर मरून सुटतो.” महिनोन् महिने छताकडे बघत पडलेली माणसं त्या एका वाक्याची वाट बघत. शेवट मात्र ती कधी सांगायची नाही. कुणी फारच मागे लागलं तर म्हणायची, “बरे व्हा आणि स्वतः बघा.” खरं कारण तिनं मला एकटीला सांगितलं होतं. “मध्यंतरानंतर झोप लागते गं. रात्रभर पायांवर उभी असते. एकदम डोअरकीपरच उठवतो.”

ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असताना शिंपीकाका मला एकदा हळूच म्हणाले होते, “विनोद दर वेळी जमतोच असं नाही हो सिस्टर. पण झोप मोडून आमच्यासाठी आणते, मग हसायला नको?”

हे सगळं जुनं झालं. शिंपीकाका गेले, ती थिएटरं पाडली, आम्ही दोघी निवृत्त होऊन म्हाताऱ्या झालो. आणि परवा-परवापर्यंत टुणटुणीत असलेली शुक्रवार त्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावर, खाटेवर येऊन पडली. डॉक्टरांनी हात टेकले होते. उरलं होतं ते दुखणं थांबवायचं इंजेक्शन. मूलबाळ नव्हतं. सकाळी तिची भावजय यायची, संध्याकाळी मी.

दंडावर आता नुसती कातडी राहिली होती. तिथली तरुण सिस्टर हाताची हलकी होती, पण सुई दिसली की शुक्रवार सगळं अंग आवळून घ्यायची आणि मग कळवळायची. तो आवाज मला ऐकवत नसे.

“जन्मभर लोकांना टोचलं, आणि आता मीच घाबरते बघ,” ती म्हणाली. “उद्या शुक्रवार ना? जा, नवीन काय लागलंय ते बघून ये. मला सांग.”

“मला मेलीला काय कळतंय सिनेमातलं!”

“मला तरी काय कळत होतं? जा.”

गेले. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला धीर होईना, तेव्हा एका बाईनं हात दिला. आत आवाज इतका की छातीत धडधडायला लागलं. पडद्यावर काही माणसं जग वाचवत होती. माझं लक्ष सगळं घड्याळाकडे. भेटायची वेळ संपली की वर सोडत नाहीत.

मी पोचले तेव्हा सिस्टर सुई भरून उभी होती.

“कसाय?” शुक्रवारनं विचारलं.

बसमध्ये मी एक वाक्य घोकलं होतं. ऐन वेळी गेलं डोक्यातून. “बरा आहे,” मी म्हणाले.

“बरा आहे? ताप उतरलाय का त्याचा? नीट सांग की!”

“जग वाचवतात.”

“कोणापासून?”

“ते कळायच्या आत उठले गं. मध्यंतरात. तुझी भेटायची वेळ टळली असती.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. “म्हणजे तूही! अगं, दोघींच्या जन्मात मिळून एक सिनेमा पुरा झाला नाही!” हसता हसता तिचा आवाज बंद झाला, नुसते खांदे हलत राहिले.

“टोचलंस?” जरा वेळानं तिनं सिस्टरला विचारलं.

“केव्हाच, मावशी.”

निघताना तिनं माझं मनगट धरलं. “उद्या पुरा बघून ये. मला शेवट हवाय. एकदा तरी.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळचाच खेळ गाठला. पहिला अर्धा पुन्हा बघितला, उरलेलाही बघितला, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. बसमध्ये वाक्य जुळवलं. या वेळी ते छोटं होतं, विसरण्यासारखं नव्हतं.

वर गेले तर भावजय अजून तिथंच होती. मला बघून तिनं स्टूल मोकळं केलं. “सकाळपासून हाकेला ओ देत नाहीत,” ती म्हणाली.

शुक्रवारचा श्वास अडखळत होता. मध्येच थांबे, आपण वाट बघावी, मग पुन्हा येई. सिस्टर सुई घेऊन आली आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी शुक्रवारच्या कानाशी वाकले.

“शेवटी सगळे वाचतात गं,” मी म्हणाले. “अगदीच खोटा सिनेमा.”

भावजयीनं तोंड फिरवलं. सिस्टरनं दंड हातात घेतला. तो आधीच सैल होता.