कणगीतला आजा

देणाऱ्यानं एक हात पुढं केला की त्याच्या दुसऱ्या हाताकडंही बघावं, असं माझं मत आहे. आष्टीच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला बद्रीनाथनं इतिहास आणि नागरिकशास्त्राची खोली सजवून दिली. भिंतभर नकाशे, पुस्तकांचं कपाट, संविधानाच्या उद्देशिकेची काचेची फ्रेम. त्याआधी हा विषय आमच्या शाळेत पावसाळ्यातल्या कवायतीसारखा होता, जमलं तर घ्यायचा.

दुसऱ्या हातातली मागणी एकच होती. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, दारावर त्याच्या आज्याच्या नावाची पाटी लागावी आणि आज्याची गोष्ट आतल्या भिंतीवर. शाळा समितीवरच्या आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आयते नकाशे कोणाला नको असतात?

विषय शिकवणाऱ्या दैवशालाबाईंनी तेवढी अट घातली. "गोष्ट आधी वर्गात सांगा, दादा. पोरांनी घेतली तर भिंतीवर."

"पोरं काय, टाळ्याच वाजवतील," बद्रीनाथ म्हणाला.

त्याला बाईंच्या वर्गाची रीत माहीत नव्हती. कोणी काही जुनं सांगितलं की सगळी आठवी एका सुरात विचारायची, "बघणारं कोण होतं?" रीत चांगली, पण पोरं ती घरी न्यायला लागली. गावातला कडूबा जेवताना बायकोला म्हणाला, "दिवसभर रानात व्हतो." तर त्याच्या पोरीनं घास थांबवून विचारलं, "बघणारं कोण होतं?" पारावर पत्ते कुटताना त्याला अख्ख्या गावानं बघितलं होतं, म्हणून त्यानं बाईंची तक्रारही केली नाही.

ठरल्या दिवशी बद्रीनाथ कडक इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात आला. पहिल्या बाकावर त्याची नात ऋतुजा. आम्ही समितीचे लोक मागं.

"रझाकारांचा काळ," त्यानं सुरुवात केली. "माझा आजा निरोप पोचवायला वऱ्हाडात गेल्ता. घोड्यावरून, गोळ्या चुकवत..."

"बघणारं कोण होतं?" वर्ग म्हणाला. ऋतुजाचा आवाज सगळ्यांच्या वर.

बद्रीनाथ हसला. "आता कोण राह्यलंय, बाळांनो?"

"माझी पणजी हाय की," प्रितम उभा राहिला. "शाळेमागंच घर हाय."

"कौसल्यामाय? आण, आण! घोडा बघितला असंल तिनं."

लक्षात ठेवा, बोलावलं त्यानंच. कौसल्याबाई नव्वदीला टेकलेल्या. प्रितमच्या खांद्यावर हात टाकून आल्या, बाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसल्या आणि प्रश्न ऐकून घेतला.

"घोडा व्हता," त्या म्हणाल्या. बद्रीनाथनं वळून आमच्याकडं बघितलं. "पण घोडा एकलाच गेला."

बद्रीनाथ परत पुढं वळला.

"रझाकार गावात घुसले तव्हा तुझा आजा आमच्या वस्तीत पळत आल्ता. माझ्या बापानं कणगीत दडवला त्याला. चार दिस व्हता."

"धान्याच्या कणगीत माणूस मावतो व्हय?" बद्रीनाथनं विचारलं.

"भरलेल्या न्हाई मावत. आमची कवा भरली व्हती? रिकामी व्हती म्हून तं वाचला. मी पोरगी व्हते तव्हा. वरून भाकर सोडायला मीच."

कणगीला पोरं हसली. भाकरीला आम्हा मोठ्या माणसांना हसू आलं नाही. त्या काळी बद्रीनाथच्या घरचं माणूस त्या वस्तीतलं पाणी पीत नसे. आज्याचा जीव वाचल्यावरही कैक वर्षं प्यालं नाही. पोरांना हे पुस्तकातून माहीत होतं, आम्हाला घरातून.

बद्रीनाथ उठून बाईंपाशी गेला. आवाज बारीक केला, पण खोली लहान होती. "कणगीचं लिहा पाहिजे तं. भाकरीचं राहू द्या. न्हाई तं नकाशे आले त्याच ट्रॅक्टरमधून परत जातील."

या खोलीसाठी बाईंनी कोणाकोणाचे उंबरे झिजवले होते, ते मी बघितलेलं आहे. त्यांनी एकदा सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. जगाच्या नकाशापाशी जरा जास्त थांबली.

"न्या, दादा," त्या म्हणाल्या. "प्रश्न काय मला परत घेता येणार नाही. तो आता पोरांचा झालाय."

"भाकर न्हाई तं कणगीबी न्हाई," कौसल्याबाई खुर्चीतून म्हणाल्या. कान शाबूत होते. "उपाशी माणूस चार दिस बसतोय व्हय? आन खाताना नखरे किती! ठेचा तिखट लागायचा म्हून पाण्यात धुऊन मागायचा."

ऋतुजा बाकावरून उडालीच. "आजोबा! तुम्हीच सांगता ना, तुमचे आजे ठेचा धुऊन खायचे म्हणून!"

वर्ग खो खो हसला.  बद्रीनाथ म्हणाला, "हे आमच्या चुलीपुढचं हाये. बाहेर कोणाला म्हाईत न्हाई."

"मंग मला कसं म्हाईत?"

 बद्रीनाथ पोरांच्या बाकावर टेकला. गुडघे काही बाकाखाली मावले नाहीत.

"जाताना काय म्हणला आजा?" त्यानं विचारलं.

"म्हणला, पोरी, कोणाला सांगू नको. न्हाई सांगितलं. लगीन झाल्यावर मालकालाबी न्हाई. आज तूच बोलावलंस, बद्रीनाथ."

नकाशे राहिले. सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर दारावर आज्याची पाटी लागली आणि आत गोष्ट, कणगीसकट, भाकरीसकट. खाली ओळ: 'बघणारी: कौसल्याबाई'. घोडा मात्र गोष्टीतून वगळू द्यायला बद्रीनाथ तयार नव्हता. म्हणाला, व्हता ना घोडा? मग तोही राहिला, एकटाच जाताना.

आता गंमत बघा. गोष्ट पंचक्रोशीत गाजली, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या वर्षी बाईंनी पोरांना घरच्या आठवणी आणायला सांगितल्या, तर निम्म्या गावाचे आजे कणगीत निघाले. त्यातल्या बहुतेकांनी कौसल्याबाईंच्याच घरची भाकर खाल्ली होती. कडूबाच्या आज्यानं तर दोन वेळा मागून घेतली होती.

पोरं शाळेमागच्या घरी विचारायला गेली. कौसल्याबाईंनी सगळी नावं शांतपणे ऐकली.

"एवढ्यांना पुरंल एवढं पीठ आमच्या घरात असतं," त्या म्हणाल्या, "तं कणगी रिकामी कशाला राह्यली असती रे?"