मॅडमनी गाळलेलं

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या एम.ए. मराठीच्या वर्गाची ऑनलाइन पुस्तकचर्चा असते. मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून स्पीकरवर टाकते आणि आई शेजारी विड्या वळत ऐकते. कुंभारीतलं आमचं घर एका खोलीचं, चोरून बोलायची सोय नाही. शिवाय आईलाही गोडी लागलेली. "तुमच्या मॅडम लई खोदून इचारत्यात की," म्हणायची.

ते खोदणंच मला आवडायचं. आधी लिहिलेलं वाचा, मग गाळलेलं शोधा, हे मला चैताली मॅडमनी शिकवलं. मागे एकदा आई विड्या पोचवायला गेली असताना फोनवर त्यांनी विचारलं, वाचताना तुला तुझं काय आठवतं? मी भाबडी. कुणालाच न सांगितलेलं त्यांना सांगून बसले. "आपल्या दोघींतच राहील हं, बुद्धप्रिया," त्या म्हणाल्या होत्या.

या शनिवारी त्यांनी स्वतःच्या येणाऱ्या पुस्तकातली कथा वाचून दाखवली. नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बाई चार वर्षांच्या लेकीला मोहोळच्या स्टँडवर बसवते, हातात केळं देते, "खा, आलेच" म्हणते आणि एसटीत चढून निघून जाते. कायमची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगितलेलं केळंसुद्धा मॅडमनी सोडलं नव्हतं! शेजारी आईचे हात थांबले. पोर लहान होती, तिला काही आठवत नाही, असंच ती आजवर धरून चालली होती. मीही तिला तसं धरू दिलं होतं.

"असली बाई आई म्हणायच्या लायकीची नाही," वर्गातला सुमित म्हणाला. स्क्रीनवर भराभर अंगठे उमटले. मॅडम खूश.

"बुद्धप्रिया, तू गप्प का? यात काय गाळलंय, सांग बघू."

"आई परत आली होती, मॅडम. पुढच्याच थांब्यावर उतरून, उन्हात पळत. केळं तसंच होतं माझ्या हातात. हेही सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही माझा विश्वासघात केलात."

मग "तिकडे नेटवर्क नाही वाटतं," म्हणत मॅडमनी माझा माइक बंद केला आणि वर्गातल्या दानेश्वरीला तिचं मत विचारलं.

मी फोन उपडा ठेवला. आईकडे बघायचा धीर होईना.

"तुला आठवतंय व्हय गं?" तिनं विचारलं.

या प्रश्नासाठी मी इतकी वर्षं 'नाही' तयार ठेवलं होतं. ते आता म्हणता येईना.