बोलणारा हात

जिन्यापासून पलंगापर्यंत माणसंच माणसं. सगळ्यांना शिंप्याचा हात बोलताना पाहायचा होता. आजाराने त्याचं अंग लाकूड करून टाकलं होतं, वाचा गेली होती. पण हस्तगुरू म्हणवणाऱ्या एका बुवांनी मनगट धरलं की त्याचं बोट अक्षरांच्या पाटीवर फिरायला लागे. आज बोटाने लिहिलं, 'मला सोडवा.' कुणीतरी हुंदका दिला.

शिंप्याच्या बायकोला रडू आलं नाही. हल्ली तिचं असंच झालं होतं. दिलं की खायचं, सांगितलं की बसायचं. असाध्य आजारात रुग्णाने स्वतः मागितलं तर डॉक्टरने त्याला शांत मरण द्यावं, अशी तिथल्या कायद्याची मुभा होती. दीर म्हणे, हाल किती बघायचे? मुलगी म्हणे, बाबांना मारणारे आपण कोण? आता पाटीनेच निकाल दिला होता.

"मी कोण? नुसती तार," गुरू म्हणत होते. "वीज यांच्या आत्म्याची." तार चांगली गलेलठ्ठ होती आणि तिला मधूनमधून आटवलेलं दूध लागायचं.

मागणी खरंच त्याची आहे का, हे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी गुरूंना जरा बाहेर उभं केलं, शिंप्याला त्याचीच कात्री दाखवली आणि उशीखाली सरकवली. मग दार उघडताना हातातला पेला गुरूंना दिसेल असा धरला. म्हणाल्या, "यांना आत्ता काय दाखवलं, तेवढं लिहू दे."

बोट फिरलं. पेला.

बाईंनी उशीखालून कात्री काढली. आत्म्याला परीक्षा सोसत नाही, असं काहीतरी गुरू पुटपुटले. बाईंनी मनगटाखालचा गुरूंचा अंगठा सगळ्यांना दाखवला. तो जिकडे दाबेल तिकडे बोट जात होतं. कदाचित गुरूंच्या स्वतःच्याही नकळत. आणि शिंप्याची नजर पाटीवर एकदाही गेली नव्हती. न बघता अक्षर कोण शोधेल?

तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. या हातांनी अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. म्हणून सगळे, तीसुद्धा, इतके दिवस हाताकडेच बघत बसले होते. तोंडाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

ती वाकली. "अहो, ऐकू येतंय? हो असेल तर वर बघा, नसेल तर खाली."

डोळे वर गेले.

दीर घाईने म्हणाला, "वहिनी, विचारून टाक. जायचंय का?"

तिने विचारलं. डोळे खाली.

"मग राहायचंय ना, बाबा?" मुलगी पुढे झाली. डोळे पुन्हा खाली.

मग बायकोने हळूच विचारलं, "अजून ठरलं नाही तुमचं?"

डोळे वर गेले आणि वरच राहिले.

डॉक्टरीणबाईंनी गर्दीला घरी जायला सांगितलं. म्हणाल्या, "मरण मागावं की नाही, यावर खुशाल वाद घाला. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. पण उत्तर पलंगावरच्या माणसाचं हवं. त्याच्या वतीने बोलतो असं कुणी म्हणालं, तर आधी पारखून घ्या. आणि हो, उद्या त्यांचं उत्तर बदलूही शकेल. पुन्हा विचारा."

जिना रिकामा झाला. बायकोने खुर्ची उशाशी ओढली, त्याचं तोंड दिसेल अशी.

"सावकाश ठरवा," ती म्हणाली. "मला घाई नाही."